हळदीतला मार

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझे पुढचे दोन दात तेव्हा जागेवर होते.

वैशाख हा आमच्या गावात हाणामारीचा महिना. बाहेरचे लोक त्याला लग्नसराई म्हणतात. ऊन टाळूत हाणतं. खाडीवरचा वारा ओल्या फडक्यासारखा तोंडावर फटकारतो, त्याला मिठाचा आणि कुजक्या चिखलाचा वास. गल्लीत मांडव पडतात, मांडवामागं बोकड पडतात, आणि दिवस कलला की माणसं पडायला लागतात. एकाच्या ताटात नळी आली नाही. नाचताना एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडला. एकानं दुसऱ्याच्या मेलेल्या बापाचं नाव काढलं. एवढं पुरतं. लग्नाला कोणी आलं नाही तर चालतं, पण आदल्या दिवशीच्या हळदीला भाऊकी आलीच पाहिजे, आणि आलेली भाऊकी काहीतरी फोडून गेलीच पाहिजे, असं मी लहानपणापासून बघतोय. मीही फोडलंय. मला त्याची लाज नाही.

परवा गल्लीच्या वळणावर परत मांडव पडला. टेम्पोतून स्पीकरच्या काळ्या पेट्या उतरल्या, एकावर एक चढल्या. पहिला ठोका पडला तेव्हा मी जेवत होतो. खिडकीची काच थरथरली, वाटीतलं कालवण थरथरलं, फासळ्यांवर आतून कोणी मुठी मारतंय असं झालं, आणि हिरडीत जिथं दात होते तिथं ठणका लागला. सून म्हणाली, "मामा, खिडकी लावू का?" मी म्हणालो, राहू दे. खिडकी लावून तो आवाज जात नाही, हे त्या वैशाखात मी बघितलंय.

ते सगळं वर आलं म्हणून लिहायला बसलो. लिहायचा मला सराव नाही. तिसरीत मास्तरांनी बोटांच्या पेरांवर छडी मारली, मी ती हिसकावून गुडघ्यावर मोडली आणि खिडकीतून उडी टाकली. शाळा तिथं संपली. अक्षरं तेवढी बरोबर घेऊन आलो होतो, ती अजून पुरतायत.

आमचं गाव दिघ्याच्या पुढं, ऐरोलीकडं जाताना खाडीच्या अंगाला. शहर बसवायला शेतं गेली, गाव मधोमध राहिलं. पसरायला जागा नाही म्हणून घरं उभी वाढली. एक मजला बापाचा, दुसरा मुलाचा, तिसरा भाडेकरूचा. माझ्या खिडकीतून हात बाहेर काढला की हिराजीच्या भिंतीला लागतो. हिराजी माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. ती भिंत त्यानं चढवली तेव्हा माझी खिडकी आंधळी झाली. मी त्याला बांबूनं हाणलं, त्यानं मला विटेनं. तेव्हापासून पंधरा-वीस वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. एका खोकल्याच्या अंतरावर झोपायचो. तो रात्री खाकरला की मला इकडं कळायचं, आज त्याला सर्दी आहे.

आमच्यात पहिली हळद भाऊकीतला सगळ्यात थोरला माणूस लावतो. त्याचा पाट नवऱ्याच्या पाटाशेजारी मांडतात. आमच्या भाऊकीत थोरला मी. भांडणानंतर हिराजीच्या घरात लग्नं झाली, मी गेलो नाही. थोरला हयात आहे आणि आला नाही, तर त्याच्या पाटावर नारळ ठेवायचा आणि नारळाला हात लावून ती हळद दुसऱ्यानं लावायची, अशी रीत. लोक येऊन मला सांगायचे, "गोमा, तुज्या जागी नारल बसलाय." मी हसायचो. माझ्यावाचून त्यांचं नडतं, म्हणून तर नारळ शोधावा लागतो.

आणि या सगळ्या भांडणाच्या मध्ये, आंधळ्या खिडकीच्या खोलीत, माझी नात अंकिता कॉम्प्युटर उघडून बसलेली असायची.

गच्चीवरनं ऐरोलीच्या काचेच्या इमारती दिसतात. सूर्य बुडताना त्या पेटल्यासारख्या होतात. त्यातल्याच एका इमारतीत ती लागली. सॉफ्टवेअर. मी गावात ताठ मानेनं सांगायचो, पण ती तिथं काय करते ते मला माहीत नव्हतं. मला एवढं दिसायचं की पोरगी रोज मार खाऊन घरी येते. अंगावर वळ नाहीत, पण मार खाल्लेला माणूस मार ओळखतो. बॅग भिंतीवर आदळायची. नखं रक्त येईपर्यंत कुरतडलेली. एकदा कंगव्यात तिचे केस बघितले, मूठभर. सून म्हणाली पाण्यामुळं जातात. मी म्हणालो, पाणी काय आज बदललं?

पहिलं वर्ष तिला टेस्टिंगला बसवलं होतं. म्हणजे प्रोग्रॅम दुसऱ्यानं लिहायचा आणि हिनं त्यातल्या चुका शोधायच्या. हिला स्वतः लिहायचा होता. ऑफिसातून आली की गच्चीवर पत्र्याखाली बसून शिकायची. वैशाखात तो पत्रा संध्याकाळीसुद्धा भाकरी भाजेल एवढा तापतो. घाम कोपरांवरनं ठिबकायचा, ती कीबोर्ड पुसायची आणि परत बडवायची. हो, बडवायचीच. बोटांनी कोणावर तरी सूड घेतल्यासारखी.

गावात एकजण म्हणाला, "गोमा, तुजी नात उशिरापर्यंत गच्चीवर कोनाशी इंग्रजीत बोलते रं?" त्याला मी भर नाक्यावर चप्पल काढून मारली. घरी येऊन अंकिताला सांगितलं. वाटलं, खूश होईल.

ती म्हणाली, "आजा, तू उद्या माझ्या ऑफिसात पन चप्पल घेऊन येशील."

"कोनी काय केलं?"

तेव्हा तिनं सांगितलं. तिच्या हाताखाली नव्हे, तिच्या डोक्यावर एक रोहित होता, तिच्याहून तीन वर्षं जुना. एका चुकीपायी त्यांचं काम आठवडाभर अडून पडलं होतं. अंकितानं ती शोधली, दुरुस्त केली, आणि त्याला दाखवली. त्यानं मीटिंगमध्ये ती दुरुस्ती आपली म्हणून सांगितली.

"मग तू?"

"काय करनार? बसले गप."

"कानाखाली द्यायची."

"तिकडं कानाखाली नाय देत, आजा. तिकडं हसत हसत मेल टाकतात, साहेबाला कॉपी ठेवून."

"मग तू पन टाक की."

"त्याच्यापेक्षा बरा मोका येऊ दे."

मोका आला. पुढच्या मीटिंगमध्ये तिनं सगळ्यांसमोर त्याला गोड आवाजात विचारलं, रोहित, ही ओळ तू का घातलीस, जरा समजावून सांग ना. त्याला सांगता येईना. त्या दिवशी घरी येऊन ती तांदळाच्या तीन भाकऱ्या जेवली.

"दिली कानाखाली?" मी विचारलं.

"दिली."

"आवाज आला?"

"शेवटच्या खुर्चीपर्यंत."

त्यानंतर तिला टेस्टिंगमधनं काढून लिहायला बसवलं. आधी बारीकसारीक काम, मग एक तुकडा, मग मोठा तुकडा. तिचं नाव मेलमध्ये पहिलं यायला लागलं. रोहित तिथंच होता आणि दात ओठ खात होता. मला हे सगळं जेवताना कळायचं, आणि मला ते आवडायचं. मला वाटलं होतं तिकडं थंड हवेत बसून लोक बोटं हलवतात. तिकडंही आमच्यासारखंच होतं, फक्त रक्त दिसत नव्हतं.

तरणा होतो तेव्हा खारातल्या भाताला खाडीचा बांध होता. मोठ्या भरतीला कधी बांधाला खांड पडायची, म्हणजे भगदाड. आधी बोटभर पाणी, मग हातभर, मग म्हैस आत येईल एवढं भोक. पाणी गुरगुरत आत घुसायचं आणि जिथं गेलं तिथं दोन-तीन वर्षं भात उगवायचा नाही. गावात आरोळी पडायची आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन पळायचा. सकाळी ज्याचं डोकं फोडलं त्याच्याच खांद्याला खांदा लावायचा. एकदा दगडमाती टिकेना तेव्हा माझा बाप स्वतः भोकात बसला. पाण्यातनं आलेल्या खडकानं त्याची छाती चिरली. तो हलला नाही. आम्ही त्याच्या पाठीमागं चिखल भरला आणि मगच त्याला ओढून काढला. त्याच्या छातीवरची ती रेघ मरेपर्यंत होती. आंघोळीला बसला की तो ती आम्हाला दाखवायचा, जशी कोणी सोन्याची साखळी दाखवावी.

तर, तो वैशाख.

अंकिता आधी दोन-तीन दिवस माझ्याभोवती घुटमळत होती. मग म्हणाली, "आजा, शनिवारी हिराआजाच्या विशालची हळद हाय ना?" विशाल म्हणजे हिराजीचा नातू.

"असंल. मना काय त्याचं?"

"मला शनिवारी साडेपाचपासून तीन तास शांतता पाहिजे."

मग तिनं मला मन लावून समजावलं. विलायतेतल्या चाळीस दवाखान्यांत कुठल्या खाटेवरच्या माणसाला कुठलं औषध, किती वाजता द्यायचं, ते त्यांचा प्रोग्रॅम सांगतो. जुना काढून नवा बसवायचा होता. एकेक दवाखाना करत जायचं. आपली संध्याकाळ म्हणजे त्यांची शनिवारची दुपार, तेव्हा त्यांच्याकडं गर्दी कमी. दोन वर्षांत पहिल्यांदा हे काम तिच्या हातात दिलं होतं. नीट पार पडलं तर तिची टीम, तिच्या हाताखाली माणसं. फसलं तर सगळं परत रोहितकडं, आणि वर बोलणी, की गावातनं काम करणाऱ्या मुलीला कशाला दिलं. ऑफिसच्या इमारतीत त्या शनिवारी विजेचं काम काढलं होतं, म्हणून सगळ्यांनी घरून करायचं ठरलं होतं.

सून म्हणाली, "मी जाते मामा, हिराकाकांच्या सुनेला सांगते. तीन तास आवाज कमी ठेवा म्हनून. ती ऐकंल."

मी म्हणालो, "या घराचा पाय त्या दारात पडला तर तो पाय मी मोडीन."

अंकितानं माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाली, आणि उठून गादी ओढत नेली आणि आंधळ्या खिडकीला टेकवून उभी केली.

शनिवारी पाचलाच हिराजीच्या अंगणात पेट्यांची भिंत उभी राहिली, तोंड आमच्याकडं करून. मुद्दाम केली होती काय? हिराजी म्हणतो नाही. मी म्हणतो हो. मागं बोकडं सोलत होते. तापलेल्या तेलाचा, कातड्याचा, हळदीचा आणि दारूचा वास एकत्र होऊन डोळ्यांत चढत होता. साडेपाचला अंकितानं काम सुरू केलं. सहाला डीजे सुरू झाला.

त्याला गाणं म्हणता येत नाही. गाणं कानात जातं, हे हाडात जात होतं. मडक्यातलं पाणी उडत होतं. भिंतीवरचा पोपडा सुटून पडला. अंकिता आधी गादीमागं बसली, मग स्वयंपाकघरात दार लावून, मग मागच्या खोलीत तांदळाच्या पिंपांमध्ये घुसून बसली. हेडफोन काढून लॅपटॉपचा आवाज पूर्ण चढवलेला, तोंडापाशी हाताचा द्रोण. मी दारात उभा होतो. मला इंग्रजी येत नाही, पण 'सॉरी' येतं. ती म्हणत होती, सॉरी. सॉरी. सॉरी. परत सॉरी. तिकडची माणसं हसत होती. मग लॅपटॉपमधनं रोहितचा आवाज आला, मराठीत, अगदी मायेनं, "अंकिता, तुझ्याकडे जमत नसेल तर सोड ना, इथून पुढं मी घेतो."

"नको," ती म्हणाली. "मी करतेय."

माझ्या घरात, माझ्या तांदळाच्या पिंपाआड बसून, माझी नात परक्यांची माफी मागत होती. मी जिन्याखालची पहार उचलली.

मांडवात शिरलो, नाचणारी पोरं बाजूला सारली आणि सगळ्यात खालच्या पेटीत पहार घातली. पेटी फाटली. दुसरा घाव, तिसरा घाव. ठिणग्या उडाल्या, जळक्या रबराचा धूर निघाला, आणि एकदम सगळं गप्प झालं. कानात फक्त शिट्टी वाजत राहिली. त्या शांततेत मी कोणाला तरी म्हणताना ऐकलं, "म्हातारा हाय, मारू नका." मग त्यांनी मारलं.

पहिला गुद्दा कोणाचा ते मला कळलं नाही. दात जिभेवर खडे आल्यासारखे आले. मी कोपर मागं हाणलं, ते हिराजीच्या नाकावर बसलं, आणि ते बसल्याचा आवाज मला आजही सुखाचा वाटतो. खुर्च्या उडाल्या. हळदीचं पातेलं लवंडलं. कोणाची साडी फाटली, कोणाचा कान. आमच्या घरातले भाडेकरू जिन्यावरनं उतरले आणि कारण न विचारता घुसले. हिराजीचा पुतण्या खांबावर चढला. आमच्या गल्लीत वीज, केबल, नेट, मांडवाची लायटिंग, सगळ्या वायरी एकाच खांबावर जटेसारख्या असतात. "थांबा, यांचं घरच काळोखात घालतो," म्हणत त्यानं मूठभर वायरी धरल्या आणि खाली उडी मारली. वीज गेली नाही. आमचं नेट गेलं.

अंकिता दारात आली. अनवाणी, उघडा लॅपटॉप दोन्ही हातांत, लेकरू धरावं तसा.

"कोनी तोडली?"

तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मारामारी थांबली ती त्या आवाजानं.

"अर्ध्यात तुटलंय! अर्ध्या दवाखान्यांत नवं चाललंय, अर्ध्यांत जुनं. आता हे पुढं पन जात नाय आनि मागं पन येत नाय. कळतंय का कोनाला?"

कोणाला कळलं नाही. मला कळलं. खांड पडली होती.

तिनं फोनवरनं जोडून बघितलं. गल्लीतली पन्नास माणसं त्याच घडीला मारामारीचे व्हिडिओ पाठवत होती, फोनला रेंज कुठून मिळणार. मग ती सरळ हिराजीसमोर गेली. हिराजीचा धाकटा मुलगा मस्कतला असतो. त्याला हळद बघायला मिळावी म्हणून हिराजीनं मागच्या गल्लीतनं नवीन नेट घेतलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"हिराआजा, मला तुमच्या घरात बसू द्या."

हिराजीनं नाक धरलं होतं. बोटांतनं रक्त येऊन हळदीवर पसरत होतं. तो म्हणाला, "बस ना. तू माझी पन नात हाय, तुना मी कदी नाय बोललू? पन त्याला सांग, मना मांगाला. त्याच्या तोंडानं. भाऊकीच्या समोर."

सगळा मांडव माझ्याकडं बघत होता.

मी मागणार नव्हतो. गावात अजून सांगतात, गोमानं शेवटी मागितलं. खोटं आहे. सांगणाऱ्याच्या तोंडात माझ्यासारखी दोन भोकं पडोत.

अंकितानंही मला विनवलं नाही. ते केलं असतं तर सोपं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "तुमचं चालू द्या," आणि तिथंच लवंडलेल्या हळदीत फतकल मारून बसली आणि फोन डोक्यावर धरून परत जोडायला लागली. मध्येच रेंज आली की रोहितचा तुटका आवाज यायचा, अंकिता, आर यू देअर? आर यू देअर?

नवऱ्याच्या पाटाशेजारी दुसरा पाट होता. त्यावर नारळ.

मी चालत गेलो. पंधरा-वीस वर्षांनी त्या अंगणातली फरशी पायाला लागली. मी नारळ उचलला, बाजूला ठेवला आणि पाटावर बसलो. तोंडातलं रक्त थुंकलो आणि म्हणालो, "हळद आना."

कोणी हललं नाही. एक पोरगा मुठी वळून पुढं आला. पण कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या धवलारणीनं, लग्नाची गाणी गाणाऱ्या बाईनं, कोणाला न विचारता धवला सुरू केला. थोरला पाटावर बसलाय आणि धवला सुरू झालाय, म्हटल्यावर हात उगारता येत नाही. पोराची मूठ तशीच खाली गेली.

हिराजी आला. त्यानं मूठभर हळद घेतली आणि माझ्या फुटलेल्या बाजूला अशी लावली की डोळ्यांपुढं काजवे आले. ती हळद नव्हती, थप्पड होती. मीही मूठ भरली आणि त्याच्या नाकावर दिली. तो गुरगुरला, डोळ्यांतनं पाणी आलं. त्यानं परत घेतली. मी परत घेतली. विशाल बिचारा मध्ये बसून दोन म्हाताऱ्यांची हळद खात होता.

"दादूस," हिराजी म्हणाला, "म्हातारा झालास, पन हात जड हाय."

"तुजं नाक पन मऊच ऱ्हायलं," मी म्हणालो.

मग तो आत ओरडला, "पोरीला कोठीच्या खोलीत बसवा! दाराशी कोनी बोलला तर त्याला बी हळद लावीन, अशीच."

दोन तास डीजे नव्हता, कारण डीजे मी मारला होता. बायका धवले म्हणत होत्या. पोरं माझ्याकडं सुऱ्या परजल्यासारखं बघत होती, आणि मी पाटावर ताठ बसून होतो, उठलो तर पडेन म्हणून. तोंडातनं रक्त गिळत होतो. आत एका दाराआड माझी नात चाळीस दवाखाने एकेक करून बांधून काढत होती.

ती बाहेर आली तेव्हा पंगत बसली होती. केस कपाळाला चिकटलेले, पाठीमागं सगळी हळद.

"झालं?"

"झालं. दोन दवाखान्यांत मागं घ्यावं लागलं, मग परत बसवलं. तिकडची बाई विचारत होती, हे मागं कोन गातंय म्हनून."

"आनि तो रोहित?"

"वेल डन म्हनाला."

"तू काय बोललीस?"

"फोन ठेवला."

घरी आल्यावर तिनं कोमट पाण्यात मीठ टाकून माझं तोंड धुतलं. हात हलका नव्हता तिचा. आणि धुता धुता म्हणाली, "आजा, मी सानपाड्याला खोली बघितलीय, स्टेशनसमोरच्या इमारतीत. ऑफिसातल्या दोघीजनी हायेत बरोबर. पुढच्या आठवड्यात जाते."

"जायचं नाय."

"मी विचारत नाय. सांगतेय."

"तुज्यापायी मी दात दिले."

"माझ्यापायी?" तिनं तांब्या खाली आदळला. "तू पहार मारलीस म्हनून त्यांनी वायर तोडली. आईला जाऊ दिलं असतंस तर एका शब्दात काम झालं असतं."

"शब्द महाग असतो, पोरी."

"आनि माझं काम स्वस्त?"

मी तांब्या उचलला आणि उरलेल्या पाण्यानं चूळ भरली. मीठ झोंबलं.

आता तिच्या हाताखाली चारजण आहेत. त्यांतला एक रोहित. रविवारी येते, हिराजीच्या घरी आधी जाते, मग आमच्याकडं, आणि जेवता जेवता फोनवर त्या चौघांना झापते. आवाज चढवत नाही. हळू, एकेक शब्द ठेवून देते, आणि पलीकडं माणूस गप्प होतो. सून म्हणते, हे कोणाकडनं शिकली? माझ्याकडनं नाही शिकली, एवढं मला कळतं. माझ्या हातात होतं ते तिनं घेतलं आणि त्याचं वेगळंच काहीतरी केलं. कधी वाटतं, आमचे बाप भोकात बसले, आम्ही पहारी घेतल्या, आणि ही पोरगी खुर्चीवरनं न उठता तेच करते. कधी वाटतं, तेच नाही करत, आणि बरंच आहे. हिराजी आणि मी रोज भांडतो. बोलत नव्हतो त्यापेक्षा जास्त दुखतं, पण वेळ बरा जातो.

त्या वैशाखात लग्न दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं होतं. सकाळी मी कोणाला न सांगता बस धरली आणि सानपाड्याला गेलो. गालावरची हळद निघाली नव्हती, एक डोळा मिटलेला. बसमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडं जाऊन बसली. इमारत विचारत विचारत सापडली. नातीची खोली बघायचीय म्हणालो, वॉचमननं माझं तोंड बघितलं आणि चावी दिली. तिसऱ्या मजल्यावरची रिकामी खोली, चुन्याचा वास. मी खिडकी लावली, मधोमध उभा राहिलो आणि ऐकलं. मग एकेका भिंतीला कान लावला. एकीकडं कुकरची शिट्टी. वर कोणीतरी खुर्ची ओढत होतं. तिसऱ्या भिंतीआड टीव्ही, मोठा.

मी बाहेर आलो आणि त्या दाराची बेल दाबली. बनियनवर एक चष्मेवाला गृहस्थ आला आणि मला बघून दार अर्धं ओढून घेतलं.

"कोण पाहिजे?"

"इथं शेजारी माझी नात ऱ्हायला येतेय," मी म्हणालो. फुटक्या तोंडातनं शब्द नीट निघत नव्हते, म्हणून हळू बोललो. "तिला घरून काम असतं. कदी संध्याकाळी ती सांगायला आली, तर तेवढा टीव्ही बारीक कराल काय? मी मांगतोय तुमच्याकडं."

त्यानं ओढलेलं दार परत उघडलं. मग म्हणाला, "करू की, काका. त्यात काय?"

मी समोरच्या दाराची बेल दाबली.